मिरचीवर पाणी मारताना

आमच्या नंदुरबारात मिरची आल्याची बातमी छापून यावी लागत नाही. सकाळी क्लासचं शटर वर करावं, पहिल्या रांगेतल्या मुलीने कीबोर्डवर हात ठेवायच्या आतच दोनदा शिंकावं, की समजायचं, पथाऱ्यांवर मिरची पडली. मग तिच्या शेजारची शिंकते, भिंतीकडचा मुलगा ठसकतो, आणि थोड्या वेळात सगळा वर्ग नाक ओढत टायपिंग करू लागतो. बाहेरगावचा कोणी असला तर रुमाल काढतो आणि विचारतो, कोणाकडे फोडणी जळली का? आम्ही हसतो. गावाभोवती सगळीकडून एकदमच जळली आहे असं समजा, म्हणतो, आणि होळीपर्यंत जळत राहणार आहे.

यंदाही तसंच झालं. मुलं शिंकली, मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. पूर्वी या पहिल्या ठसक्याने मला बरं वाटायचं. आता तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मिरची नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन लाल दिसू लागते. त्यात एक तुकडा आमचा आहे, दोन कडुनिंबांच्या मागे. आजोबांनी घेतलेला, अब्बांनी वाढवलेला आणि मी टाळलेला. डोळे चुरचुरतात ही माझी लहानपणापासूनची सबब. त्या सबबीवर मी पथारीतून सुटलो आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. तिथेही डोळे चुरचुरले, पण तेव्हा चष्मा घेतला आणि त्याला शिक्षण म्हटलं. अब्बा मात्र अजून रोज पहाटे फजरची नमाज झाली की थेट पथारीवर जातात. मफलर नाकावरून गुंडाळलेला, डोक्यावर जाळीची टोपी, आणि चाल थोडी डावीकडे कललेली. लांबून नुसती सावली दिसली तरी ओळखू येतील.

हंगामात पथारी म्हणजे एक छोटं गावच असतं. तोरणमाळच्या खालच्या पाड्यांतून बाया येतात, नवापूरकडून येतात. खाली पोतं अंथरून, तोंडाला फडकं बांधून, ओळीने बसतात आणि देठ खुडतात. त्यांच्या बोलीतलं मला फारसं कळत नाही, पण हसणं कळतं. दुपारी भाकरी सोडताना त्या हात कितीतरी वेळ धुतात, तरी पहिला घास घेताना बोटं ओठांना लागू देत नाहीत. जमनाबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी. ती आली की अब्बा म्हणतात, आता हंगाम सुरू झाला. मिरची कधीचीच येऊन पडलेली असते, पण त्यांच्या लेखी हंगाम जमनाबाईपासून.

आणि मग पोती भरायचे दिवस येतात. वाळून खडखडीत झालेली मिरची तशीच पोत्यात दाबली तर तिचा चुरा होतो. म्हणून भरायच्या दिवशी, ऊन तापायच्या आत, तिच्यावर हलकं पाणी मारतात. ती नरम पडते, मग भरतात. पाणी कमी पडलं तर चुरा, जास्त पडलं तर आतून बुरशी. यात गुपित काही नाही, नंदुरबारात शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. पण आमच्या पथारीवर हे काम अब्बा कोणाच्या हाती देत नाहीत. पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन, सकाळच्या तिरप्या उन्हात, त्या लाल पसाऱ्यातून ते एकटे सावकाश चालत जातात. तो पंप फक्त पाण्याचा. शेतातलं औषध त्याला कधी शिवलेलं नाही. मिरचीच्या धुळीने मात्र तो टाकीपासून नळीपर्यंत लालभडक झाला आहे, घासून निघत नाही. उन्हात ते पाणी उडतं तेव्हा तेही लालच दिसतं. लहानपणी मला वाटायचं, अब्बा हवेत रंग उडवताहेत.

हे इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढचं सगळं याच एका दिसण्यावरून घडलं.

आमची बैठक किशोरच्या दुकानासमोर भरते. किशोर मोबाईल दुरुस्त करतो, शिवाय झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. दुकानाबाहेर दोन बाकडी आणि भिंतीला एक लांबलचक बोर्ड, त्यात ज्याच्या त्याच्या फोनच्या वायरी. म्हणून आमच्या बैठकीचं नाव ‘चार्जिंग’ पडलं आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघाला तेव्हा त्याचंही नाव तेच ठेवलं. शाळेतले सगळे जुने सोबती त्यात आहेत, पुण्यात गेलेले, सुरतेला गेलेले. बाकड्यावर मात्र रोजचे आम्ही तिघे. किशोर, मी, आणि कळसाडीचा दिलीप पाटील. दिलीपची घरची शेती आहे, ऊस आणि कापूस, आणि इथे एका कार्यालयात नोकरी. ऑफिस सुटलं की तो अर्धा तास बसतो, मग मोटारसायकलला किक मारतो. अर्धा तास हे त्याच्या बायकोला सांगायचं माप आहे.

तिथे आम्ही जगाचा कारभार पाहतो. निवडणुकीत कोण येणार, ड्रोनने फवारणी केली तर मजुरांनी जायचं कुठे, विजेचा ट्रॅक्टर काळ्या जमिनीत चालेल का, कॉम्प्युटर माणसासारखा विचार करू लागला तर मास्तरांचं काय होणार. शेवटच्या प्रश्नाला दोघेही माझ्याकडे बघतात. त्या बाकड्यावर तंत्रज्ञान म्हणजे मी. दोघांच्या फोनमध्ये पहिलं व्हॉट्सअ‍ॅप मी टाकून दिलं, व्हिडिओ पुढे कसा पाठवायचा हे दिलीपला मीच शिकवलं. माझं एक आवडतं मत होतं आणि ते मी फार रंगून मांडत असे. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला आहे, आता खोटं टिकणार नाही, असं ते मत. लाच घेताना माणूस दिसेल, भेसळ करताना दिसेल. पूर्वी चार माणसं जमवून साक्ष काढावी लागे, आता एक बटण दाबलं की झालं.

“एकदम बराबर,” दिलीप अहिराणीत म्हणायचा. “जे दिसस तेच खरं.”

किशोर स्क्रू पिळता पिळता मान वर न करता बोलायचा. “मी फोन दुरुस्त करस भो. त्यामातलं खरं-खोटं दुरुस्त व्हत नही.”

आम्ही त्याला हसायचो. चहा यायचा. ती बैठक मला फार आवडायची, अजूनही आवडते. माणसाला आपलं मत ऐकून घेणारे दोघे मिळाले की गावात त्याला आणखी काही लागत नाही.

मागच्याच्या मागच्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळची बॅच सोडून मी शटर ओढत होतो आणि फोन थरथरला. ग्रुपवर दिलीपने व्हिडिओ टाकला होता. त्याला तो कुठूनसा आला होता. तोवर तो किती गावं फिरून आला असेल कोण जाणे. रस्त्यावरून, तारेच्या कुंपणातून काढलेला. खाली भीतीदायक संगीत आणि वर ठळक अक्षरं, की बघा, तुमच्या जेवणात काय रंग मिसळतात हे लोक. पडद्यावर लाल मिरचीचा पसारा, आणि त्यातून तोंड झाकलेला एक माणूस पाठीवर लाल पंप घेऊन लाल फवारा मारत चालला आहे. त्या व्हिडिओखाली दिलीपने लिहिलं होतं, भाऊहो, मिरची घरचीच खा. त्याखाली सोबत्यांचे अंगठे, संतापलेले चेहरे. पुण्यात गेलेल्या एकाने लिहिलं होतं, तोंड कसं लपवलंय बघा.

मला आधी जाळीची टोपी दिसली. मग डावीकडे कललेली चाल.

तोंड झाकलं होतं, हे खरं. पथारीवर तोंड उघडं ठेवून कोण उभं राहतं? लिहिणाऱ्या प्रत्येकाने लहानपणी शाळेत जाताना तिथून नाक दाबून पळ काढलेला आहे. पाणी का मारतात हे त्यांना माहीत होतं. कोणाच्या मामाची पथारी होती, कोणाच्या शेजाऱ्याची. पण ते माहीत असणं एकीकडे राहिलं आणि फोनवर दिसलेलं दुसरीकडे. दोन्ही एकमेकांना भेटलीच नाहीत. आणि ‘हे लोक’ या दोन शब्दांवर टोपी किती चपखल बसते, हे मला त्या संध्याकाळी शटरला हात लावून उभा असताना कळलं. कोणी तसं लिहिलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर कोणी तसं लिहिणारही नाही. पण मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा माझी नजर दुसरीकडे कुठे गेलीच नाही, टोपीवरच राहिली, आणि आपल्या बापाकडे आपणच असं पाहावं याची मला लाज वाटली.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, “ती आमची पथारी आहे. ते अब्बा आहेत. ते पाणी आहे.”

मग हळूहळू सगळे फार चांगले वागू लागले.

ते चांगलं वागणं मला आजही आठवतं. दिलीपचा फोन आला. आवाज पार बसलेला. “नासीर, मी वळखं नही रे चाचाले. आईशपथ.” ते खरं होतं. मग त्यानेच वाट काढली. म्हणाला, “मी काय सांगस, हाऊ व्हिडिओ खोटा शे असं टाकी देऊत. एआयना शे म्हनी. आते काय बी बनाडतस. विषय संपी जाई.” माझी वाट न बघता त्याने ते टाकलंही. ग्रुपला हायसं वाटलं. हो हो, एआयच असणार, चाल बघा कशी वाकडी आहे, अशा प्रतिक्रिया आल्या. माझ्या बापाची चाल एका फटक्यात यंत्राची चूक ठरली, आणि मी त्या प्रतिक्रियेला हात जोडलेले पाठवले.

घरी तो व्हिडिओ आधीच पोचला होता. सुरतेच्या एका जुन्या व्यापाऱ्याने अब्बांना फोन केला होता. तो आमचा माल अब्बांच्या शब्दावर उचलतो, नमुना कधी मागत नाही. तो म्हणाला होता, “चाचा, हमको तो मालूम है, लेकिन...” आणि पुढे काहीच बोलला नव्हता. मी आल्यावर अब्बांनी माझा फोन मागून घेतला आणि पलंगावर बसून तो व्हिडिओ पाहिला. लांब धरून, भुवया वर करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अम्मी दारात उभी होती.

मी म्हणालो, “अब्बा, दोस्तांनी सांगितलंय सगळ्यांना, की नकली आहे. मशीनने बनवलेला.”

“नकली कैसे?” ते म्हणाले. “मैं ही तो हूं.”

त्यांना राग आला नव्हता, ते नुसते गोंधळले होते. त्यातली मिरची खरी होती, पंप खरा होता, ते स्वतः खरे होते, सकाळसुद्धा खरी होती. सगळं जसंच्या तसं दिसत होतं. मग खोटं नेमकं कुठे होतं, हे ते मला विचारत होते, कारण घरात शिकलेला मी. कॅमेऱ्यापुढे खोटं टिकत नाही असं बाकड्यावर बसून सांगणारा मी. मी त्यांना इतकंच म्हणालो की आराम करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीप आणि किशोर पथारीवर आले. न बोलावता आले. दिलीपने घरचा गूळ आणला होता, कागदात बांधून. भरायचा दिवस होता. अब्बा पंप भरत होते. त्यांनी दोघांना बाज दाखवली, जमनाबाईला चहा ठेवायला सांगितलं. दिलीप बसलाच नाही. तो म्हणाला, “चाचा, आम्ही तं नुसता देखाले उनूत. आमले माहीत शे, पाणीच शे.”

अब्बांनी पंपाचं झाकण लावलं आणि शांतपणे विचारलं, “तुले माहीत शे, मंग देखाले काबर उना, दिलीप?”

दिलीप मान खाली घालून उभा राहिला. “ग्रुपवर लोके ईचारी ऱ्हायनात, चाचा.”

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अब्बा माणसाला फार वेळ अवघडलेलं ठेवू शकत नाहीत, घासाघीस करणारं गिऱ्हाईक लाजलं तर तेच हसून विषय बदलतात. त्या सकाळी दिलीपला सोडवायला त्यांना एकच गोष्ट सुचली. त्यांनी पंप जमिनीवर ठेवला, नळी दिलीपच्या हातात दिली, मफलर खाली ओढला, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. म्हणाले, “दाब बटन.”

दिलीपने बटण दाबलं. अब्बा ते पाणी प्यायले.

तिथवर जे झालं ते कदाचित मी विसरू शकलो असतो. पण दिलीपच्या जिवात जीव आला होता, आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, “नासीर, हाईच काढ ना व्हिडिओमा. ग्रुपवर टाकी दे, एकदम कोनी बोलाव नही.” त्याच्या मनात मैत्रीशिवाय काही नव्हतं. माझ्या मनातही नव्हतं. मला ते पटलंच. व्हिडिओला उत्तर व्हिडिओने, यात मला काही वावगं दिसलं नाही, उलट हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही असं वाटलं. मी फोन काढला. अब्बांनी पुन्हा ओंजळ धरली, दिलीपने नळी धरली, अब्बा पुन्हा प्यायले. मी पडद्यावर पाहिलं. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता आणि चेहरा काळा आला होता. कोणाचा चेहरा आहे हेच कळत नव्हतं.

मी म्हणालो, “अब्बा, एक बार और. ऐसे, उजाले की तरफ मुंह करके. टोपी जरा पीछे.”

माझा आवाज कसा होता ते मला स्पष्ट आठवतं. क्लासमध्ये मी मुलांना माऊस कसा धरायचा ते सांगतो, तोच आवाज. समजूतदार, मदतीला तत्पर. अब्बांनी ऐकलं. ते उन्हाकडे वळले, टोपी मागे सरकवली, डोळे मिचकावले आणि तिसऱ्यांदा ओंजळ पुढे केली. मिरचीच्या ओळीत बसलेल्या बाया देठ खुडायच्या थांबल्या होत्या. जमनाबाई चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी होती. किशोर आपल्या चपलेकडे बघत होता. अब्बा पाणी प्यायले, ओठ पुसले, आणि मी सांगितलं नव्हतं तरी थोडं हसले. फोटो काढताना हसायचं असतं असं त्यांना कोणीतरी कधीतरी सांगितलं असावं.

व्हिडिओ स्वच्छ आला. मी तो तिथेच उभा राहून ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले, कोणी चाचांना सलाम लिहिला. पुण्यातल्याने लिहिलं की एका ओंजळीने काय सिद्ध होतं, आणि हल्ली एआयने काहीही बनवता येतं. त्यावर दिलीप त्याच्याशी दिवसभर भांडला. संध्याकाळपर्यंत क्रिकेटची मॅच सुरू झाली आणि ग्रुप तिकडे गेला.

त्या सकाळी पथारीवरून जाताना किशोर माझ्या गाडीजवळ थांबला होता. तो कधी कोणाला काही सांगत नाही. हेल्मेट घालता घालता म्हणाला, “तो व्हिडिओ काढी टाक ग्रुपमाईन.”

“का? चांगला तर आला आहे.”

“चांगला उना, म्हनीसनच,” तो म्हणाला आणि गेला.

मी काढला नाही. तेव्हा कळलं नव्हतं. कळलं पुढच्या भरण्याच्या दिवशी. क्लासला जायच्या आधी मी पथारीवर डबा द्यायला गेलो होतो. अब्बा पंप पाठीवर घेणार, तेवढ्यात थांबले. एका हाताने नळी धरली, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर थोडं पाणी सोडलं आणि प्यायले. समोर कोणी नव्हतं. रस्ता मोकळा होता, बायांची पाठ होती, मी कडुनिंबाआड होतो. मग त्यांनी पंप उचलला आणि मिरचीत शिरले. मी डबा बाजेवर ठेवून परत फिरलो. क्लासमध्ये त्या दिवशी मुलांना काय शिकवलं ते आठवत नाही.

त्यानंतर ते थांबलेलंच नाही. दर वेळी, भरायच्या दर सकाळी, आधी एक तळवा पाणी, मग मिरची. मी एकदा हिय्या करून म्हणालो, अब्बा, आता गरज नाही, लोक विसरले. ते म्हणाले, कोई देखता होगा. लोक काय म्हणतील या भीतीचा त्यांच्या आवाजात लवलेशही नव्हता. रस्त्यावर गाड्या असतात, गाड्यांत फोन असतात, तेव्हा हे करायचं, इतकं साधं त्यांनी ते धरून टाकलं आहे. पाऊस येणार दिसला की ताडपत्री टाकायची, तसं.

बैठक चालूच आहे. मी जातो. न जाऊन कोणाला काय सांगणार? दिलीप माझा मित्र होता आणि आहे. त्याच्या शेताच्या बांधावर घरापुरती मिरची निघते, तरी तो आमच्याकडून नेतो, आणि नेताना दोन बाकड्यांना ऐकू जाईल असं बोलतो, “घरमा चाचानीच मिरची लागस.” त्याची बायको एकदा अम्मीला हसत म्हणाली, की मागचाच डबा अजून भरलेला आहे. तो कधी त्या विषयावर बोलला नाही आणि मीही काढत नाही. आम्ही नवे फोन, नवे कायदे, नव्या बातम्या घेऊन बसतो. कोणी विचारलं की कॉम्प्युटर उद्या काय काय करेल, तर मी सांगतो. माझं ते जुनं मत मात्र मी परत मांडलेलं नाही, आणि दोघांपैकी कोणी ते मागितलेलंही नाही. चहा येईपर्यंत कधीकधी आम्ही तिघेही आपापल्या फोनमध्ये बघत बसतो.

यंदा जमनाबाईबरोबर तिच्या पाड्यावरची एक नवी सून आली आहे. भरायच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर पथारीवर गेलो. धुकं नव्हतं, ऊन नुकतंच पसरत होतं, मिरचीवर अजून रात्रीचा गारवा होता. त्या सुनेने अब्बांकडे बोट करून जमनाबाईला काहीतरी विचारलं, जमनाबाईने तिच्या बोलीत उत्तर दिलं. मी पाहतो आहे असं दिसल्यावर ती माझ्यासाठी अहिराणीत म्हणाली, “ती ईचारी ऱ्हायनी, चाचा आधी पाणी काबर पेतस. मी सांगं, आठली रीत शे.”

सून समजल्यासारखी मान हलवून देठ खुडू लागली. तिच्या लेखी नंदुरबारात मिरचीवर पाणी मारण्याआधी म्हाताऱ्या माणसाने ते पिऊन दाखवायचं असतं. ती हे तिच्या पाड्यावर जाऊन सांगेल. खरं तर जमनाबाईला ती व्हिडिओची सकाळ आठवत असेल, ती तेव्हा चहाचं भांडं घेऊन उभी होती, पण तिने मला सांभाळून घेतलं. त्या सांभाळण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुढे गेलो. अब्बा नळीचं तोंड तपासत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून माझी ओंजळ पुढे केली आणि म्हणालो, आज मी पितो. यापुढे मीच पीत जाईन.

त्यांनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते रागावतील, किंवा खांद्यावर हात ठेवतील, किंवा इतके दिवस बोललो नाही ते काहीतरी आम्ही बोलू. त्यांनी फक्त माझे हात हलकेच बाजूला केले.

“तू कायकू?” ते म्हणाले. “तू फोन पकड.”

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मुलगा सकाळी सकाळी आला आहे तो त्याच कामासाठी आला असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी हात खाली घेतले. अब्बांनी मफलर हनुवटीखाली ओढला, टोपी जरा मागे सरकवली, आणि मी काही सांगायच्या आतच उन्हाकडे तोंड करून उभे राहिले.